आईचा धवला, एमपीथ्रीत

माझी आई धवलारीण. आमच्याकडच्या आगरी लग्नांत भटजी नंतर येतो, आधी धवलारीण लागते. मांडवात देव बोलावायचे, तांदूळ पाखडायचे, नवरीला हळद लावायची, यातलं काहीच तिनं धवला गायल्याशिवाय सुरू होत नाही. आईनं आमच्या आणि आसपासच्या गावांतली किती लग्नं गाऊन लावली ते तिलाही सांगता यायचं नाही. आवाज असा खणखणीत, की लाऊडस्पीकरवाला माईक घेऊन आला की ती म्हणायची, "तुजं ते डबडं तिकडं ठेव, मना नको." आणि खरंच तिला लागायचं नाही.

मग तिच्या गळ्याला गाठ झाली. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, जीव वाचला आणि आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, पण कुजबुजल्यासारखं, खरखरीत. घरी आल्यावर तिनं माझ्या भावाकडे पाणी मागितलं, स्वतःचा तो आवाज ऐकला आणि तोंड मिटलं ते मिटलंच. नंतर सगळं खुणांनी. मान हलवायची, बोट दाखवायचं, डोळे वटारायचे. डोळे वटारण्यात आई पहिल्यापासून तरबेज, त्यामुळे घरात कुणाचं फारसं अडलं नाही. माझं मात्र अडलं. मी सासरी, उरणच्या बाजूला. रोज सकाळी तिला फोन करायची मला सवय. फोनवर डोळे कसे वटारणार? भाऊ फोन तिच्या कानाला लावायचा, मी इकडची तिकडची बडबड करायचे आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. फोन ठेवला की मी पदरानं डोळे पुसायचे आणि कामाला लागायचे.

काम म्हणजे आमचा ट्रेलरचा धंदा. न्हावा शेवाच्या बंदरातून कंटेनर उचलायचे आणि गोदामात पोचवायचे. हे गाड्या बघतात, मी ऑफिस. ऑफिस म्हणजे एक गाळा, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि ड्रायव्हर लोकांसाठी एक बाकडं. कॉम्प्युटर मला येतो तो एवढ्यापुरता, कंटेनरचे नंबर टाकायचे आणि कागद छापायचे. बाकी त्यात काय काय दडलंय याची मला कधी उठाठेव नव्हती.

माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा ती उठाठेव मागे लागली. सुपारी फुटल्यावर लेकीनं जाहीर केलं, "आजीचा धवला असेल तर धवला. नाहीतर नकोच." आता हा काय हट्ट? पण तिचंही बरोबर होतं. ती रांगत होती तेव्हापासून आई तिला सांगत आली होती, "सगल्यांची लगनं लावली, तुजं लावीन आन् मग गाणं बंद." आईनं खुणेनं सांगितलं, शेजारच्या गावची धवलारीण बोलवा, ती चांगली गाते. लेकीनं नाही म्हणून मान हलवली. आईनं डोळे वटारले. लेकीनं पण वटारले. आजीवरच गेलीय ती. मी दोघींच्या मधे बसले होते आणि मला एवढंच दिसत होतं, की लग्न लागणार, नाच होणार, हजार माणसं जेवणार आणि माझी आई मांडवाच्या कोपऱ्यात मुकी बसून राहणार. ते मला बघवणार नव्हतं.

तेव्हा ह्यांना आठवलं. ह्यांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न पण माझ्या आईनंच लावलं होतं, बऱ्याच वर्षांमागे. तेव्हा ह्यांच्याकडे बटणांचा फोन होता. त्यात आवाज टेप होतो हे नुकतंच कळलं होतं, म्हणून हौसेनं शर्टाच्या खिशात फोन चालू ठेवून हे मांडवात बसले होते. "सबंध धवला घेतलाय मी," हे म्हणाले. तो फोन कपाटातून शोधून काढला तर त्याची बॅटरी भाकरीसारखी फुगलेली. पण आतलं मेमरी कार्ड शाबूत होतं. लेकीनं ते कॉम्प्युटरला लावलं. त्यात एक फाइल सापडली. गाण्यांच्या फाइलला मागे एमपीथ्री असतं ना, तसं तिला नव्हतं, भलतंच शेपूट होतं. कॉम्प्युटर म्हणाला उघडत नाही. हळदीला साउंड लावणाऱ्याकडे पेन ड्राइव्हमधून दिली तर त्याच्या मशीननंही तोंड फिरवलं. तो म्हणाला, "मावशी, याला कन्व्हर्ट मारायला लागंल. फुकट सॉफ्टवेअर मिलतात, कुठलं पन टाका."

कुठलं पण टाका! अरे बाबा, टाकून बघ तू. लेक तिच्या नोकरीत आणि लग्नाच्या खरेदीत, म्हणून हे काम मी अंगावर घेतलं. पहिल्या साइटवर हिरवी बटणं होती, प्रत्येकावर लिहिलेलं 'डाउनलोड'. मी सगळ्यात मोठं होतं ते दाबलं. खरं बटण सगळ्यात बारकं असतं ही अक्कल नंतर आली. त्या दिवसापासून कॉम्प्युटर उघडला की आधी राशिभविष्य दिसायचं, मग कुणीतरी बाई वजन कमी करायला सांगायची. गाडी बंदरात न्यायचा ह्यांचा गेटपास निघेना. "हा कॉम्प्युटर धंद्याचा आहे की जत्रेचा?" म्हणून हे माझ्यावर खेकसले. मी म्हटलं, "तुमच्याच खिशातलं काढतेय बाहेर, गप्प बसा."

दुसरं सॉफ्टवेअर बघायला देखणं. त्यानं फाइल घेतली, पट्टी सरकायला लागली आणि तिसऱ्या हिश्शावर थांबली. पुढचं हवं असेल तर कार्डाचा नंबर द्या. असा संताप आला! फुकट म्हणून पाटावर बसवायचं आणि पान वाढल्यावर हात धरायचा. नसेल द्यायचं तर आधी सांगा ना, तुमच्या दारात कोण आलं होतं? मी ते काढून टाकलं. ते जाताना मला विचारत होतं, आम्ही काय चुकलो ते सांगाल का. मी मराठीत सांगितलं, तोंडानं.

तिसरं मला लेकीच्या मैत्रिणीनं सुचवलं. साइट इतकी साधी, की मला वाटलं बंद पडलीय. रंग नाही, जाहिरात नाही. एकच बटण. खाली बारीक अक्षरात इंग्रजीत काहीतरी, ते लेकीनं वाचून दाखवलं. कुणीतरी एकट्या माणसानं ते आपल्या स्वतःच्या कामासाठी केलं होतं आणि नंतर सगळ्यांसाठी ठेवून दिलं होतं; उपयोग झाला तर आनंद आहे, एवढंच. मी दोनदा विचारलं, "बरं, मग हवंय काय त्याला?" "काही नाही गं आई." कोण कुठला, त्याला आगरी माहीत नाही, धवला माहीत नाही. मला त्या माणसाला जेवायला बोलवावंसं वाटलं, खरं सांगते.

त्यात फाइल टाकली. कुठल्या प्रकारात हवी ते विचारलं, एमपीथ्री निवडलं. दर्जा किती, तर मी सगळ्यात मोठा आकडा घेतला, म्हणजे आवाज स्वच्छ येईल. लेक हसली. "आई, वाटीभर दूध मोठ्या पातेल्यात ओतलं तर जास्त होतं का?" तरी मी मोठाच ठेवला. माझ्या आईचा आवाज आहे, राहू दे ऐसपैस.

पट्टी भरली, टिंग वाजलं. मी फाइलवर दाबलं. आधी नुसती खसखस आली, ह्यांच्या खिशाची. मग ह्यांचा खोकला. मग कुणीतरी म्हणालं, पोरांना बाजूला घ्या गो. आणि त्या गडबडीतून आईचा आवाज वर आला. सरळ, ताठ, कुणाची भीड न ठेवणारा. मी खुर्चीत बसल्या बसल्या हुंदके देऊन रडले. तेवढ्यात आमचा एक ड्रायव्हर कागद न्यायला आला, मला बघून दारातच थबकला, म्हणाला, "वहिनी, कोन गेलं का?" मी म्हटलं, "नाही रे, आली." तो बिचारा कागद न घेताच गेला.

लग्नाला महिना राहिला तशी मी आईला आमच्याकडे राहायला आणलं. एका दुपारी चहा झाल्यावर तिला न सांगता मी स्पीकर लावला. हे होते, लेक होती. आई कपातला चहा फुंकत होती. आवाज सुरू झाला आणि तिचा हात तसाच राहिला. मग हळूहळू तिची बोटं मांडीवर ठेका धरायला लागली. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं हसू की मला वाटलं, जिंकलं आपण. गावदेवी आली, वेशीवरचा देव आला, कुलदेवी आली. आई एकेका देवाला मान हलवत होती. आणि एकदम तिनं कप खाली आपटला.

"बंद कर!"

किती महिन्यांनी ऐकलेला तो पहिला शब्द. स्पीकर बंद करायचंही कुणाला सुचेना.

"बंद कर मेले! कान फुटले का तुजे?" ती खरखरत म्हणाली. "नाव कुनाचं हाय त्यात?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धवल्यात देवांना नुसतं या म्हणत नाहीत. कुणाच्या घरी या, कुणाच्या मांडवात, कुठल्या नवरीला आणि कुठल्या नवऱ्याला हळद लावायची, आईबाप कोण, गाव कुठलं, सगळं नावानिशी सांगतात. त्या फाइलमध्ये नाव ह्यांच्या भाचीचं होतं, तिच्या नवऱ्याचं होतं, आणि गाव तिचं. मी ते कितीदा ऐकलं असेल! पण धवलारणीची लेक मी, जन्मापासून कानात धवला. नावांकडे लक्षच जात नाही, चाल ऐकू येते नुसती.

"देव तिच्या मांडवात जातील," आई म्हणाली. "आपले वाट बघत बसू. आन् ती पोर मानगावला दोन पोरांची आई झाली, तिला परत नवरा करून देतेस व्हय?"

लेक एवढी हसली की तिला ठसका लागला. मी हसत होते आणि रडतही होते. हे गंभीरपणे म्हणाले, "भाचीला विचारून बघू का?" तशी आईनं उशी फेकून मारली. तेवढ्यात शेजारीण डोकावली आणि आई गप्प. परत तोंड मिटून घेतलं. लाज वाटायची तिला, लोकांसमोर तो आवाज काढायची.

पण मला गुरुकिल्ली सापडली होती. चिडली की बोलते! मग मी मुद्दाम चुकायला लागले. आमटीत मीठ जास्त घातलं, "मिठागर ओतलंस का?" असं ऐकायला मिळालं. तिची चोळी उलटी घडी केली, त्यावर दोन वाक्यं मिळाली. तांदळाची भाकरी मुद्दाम वेडीवाकडी थापली तेव्हा तर ती उठून आत आली, मला खांद्यानं बाजूला सारलं आणि भाकरी संपेपर्यंत बोलत राहिली. किती दिवसांची भूक भागली माझी.

धवल्याचा प्रश्न मात्र तसाच होता. मार्ग त्या साध्या सॉफ्टवेअरमध्येच निघाला. त्यात दोन रकाने होते, फाइल कुठून घ्यायची आणि कुठपर्यंत. म्हणजे तेवढाच तुकडा एमपीथ्री होऊन बाहेर येतो. लेक म्हणाली, "नावं येतात तिथे तुकडा थांबवायचा. तिथे आपण बायकांनी आपली नावं म्हणायची, मग पुढचा तुकडा लावायचा." मी आईकडे बघितलं. आईनं बोटांवर देव मोजले. मग म्हणाली, "देव बोलवलेले राहतात ना त्यात?" राहतात म्हटलं. "मग चालंल."

दुसऱ्या दिवशी मी तिला ऑफिसात नेलं आणि कॉम्प्युटरपुढे माझ्या शेजारी बसवलं. मी धवला लावायचे, ती हात वर धरून ऐकायची, आणि थांबायची जागा आली की हात खाली टाकायची. मी तो आकडा रकान्यात भरायचे. एकदा मी जरा आधीच तोडलं तर तिनं माझ्या मनगटावर चापट मारली आणि ड्रायव्हरांना ऐकू जाणार नाही असं कानाशी म्हणाली, "सास कापलास माजा. तो राहू दे." मी परत केला तुकडा, तिच्या श्वासासकट. बाकड्यावर ड्रायव्हर बसले होते, ते आधी कुजबुजत होते, मग गप्प ऐकायला लागले. एक जण म्हणाला, "मावशी, माज्या लगनात तुमीच व्हतात." आईनं मान हलवली, बोलली नाही. पण ओळखलं तिनं त्याला.

नावं मी म्हणायची असं ठरलं, नवरीची आई म्हणून. मागे आळीतल्या बायका. मी घरी सराव करायचे आणि आई कपाळावर हात मारायची. माझा आवाज म्हणजे ट्रेलरचा रिव्हर्स हॉर्न, हे ह्यांचं मत, माझं नव्हे. तरी आईनं मांडीवर ठेका देऊन देऊन मला ती चाल बसवली. आदल्या संध्याकाळी तर मला नीट जमलं होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात देव बोलवायला सगळे जमले. लेक पाटावर बसली, हिरव्या बांगड्या घालून. साउंडवाला त्याच्या मशीनपाशी बोट तयार ठेवून. मी माईक घेऊन उभी. आई माझ्या शेजारी खुर्चीत. पहिला तुकडा सुरू झाला. तो आवाज मांडवात घुमला आणि बडबड करणारी माणसं एकेक करून थांबली. म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. गावदेवी आली, वेशीवरचा देव आला, कुलदेवी आली. तुकडा संपला. आता नवरीचं नाव.

मी तोंड उघडलं. लेक वर माझ्याकडे बघत होती. तिचं नाव मी दिवसातून शंभरदा घेते, रागानं घेते, लाडानं घेते, आणि आता ते माझ्या गळ्यातून वर येईना. मागच्या बायका माझी वाट बघत थांबल्या. साउंडवाला माझ्याकडे बघतोय.

आईनं माझ्या हातातून माईक काढून घेतला.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो तोंडाशी धरला. आधी स्पीकरमधून नुसता तिचा श्वास आला. मग माझ्या लेकीचं नाव. खरखरीत, फाटलेलं, पण चालीत. मग जावयाचं. मग ह्यांचं, मग माझं, मग गावाचं. साउंडवाल्यानं पुढचा तुकडा लावायला बोट नेलं तर आईनं हात वर करून त्याला थोपवलं. पुढची ओळ पण तिनं स्वतःच म्हटली, सावकाश, मधे थांबत. देवांना सांगितलं की बाबांनो, घर हे आहे, चुकू नका. मग हात खाली टाकला. त्यानं बटण दाबलं आणि तिचा तो जुना आवाज पुढे सुरू झाला. असं शेवटपर्यंत चाललं. जुना थांबला की ही म्हणायची, ही थांबली की जुना. लेक पाटावरूनच आईच्या गुडघ्याला डोकं टेकून ऐकत होती. मला तर काही म्हणायची गरजच पडली नाही, आणि तेच बरं झालं.

संध्याकाळी हळद. आमच्याकडची हळद म्हणजे काय विचारता! साउंडवाल्यानं सकाळचा सगळा संयम भरून काढला. पत्रे थरथरत होते. हे हात वर करून मधोमध नाचत होते, सगळ्या अंगाला हळद. मी पाहुण्यांच्या मागे पळत होते. कुणाला पाणी, कुणाला खुर्ची. मधेच बघितलं तर आई खुर्चीतून मला काहीतरी सांगतेय. ओठ हलतायत. मी जवळ गेले, कान तिच्या तोंडाशी नेला. काही ऐकू येईना. ती परत बोलली. काहीच नाही, नुसता ढोल.

खुणा करायची की ती. पण करत नव्हती. बोलत होती.

मी तडक साउंडवाल्याकडे गेले. "बंद कर!"

"मावशी, आता तर रंगलंय..."

"बंद कर म्हटलं ना!"

त्यानं बंद केलं. नाचणारी सगळी माणसं आहे तशी थांबली. ह्यांचे हात वरच. लेकीला वाटलं कुणाला काही झालं. मी त्या सगळ्यांच्या मधून परत आईपाशी आले, तिच्या पुढ्यात खाली बसले. "बोल आई. आता बोल."

आई जरा गांगरली. एवढी माणसं तिच्याकडे बघत होती. पण तोंड मिटलं नाही तिनं.

"काय न्हाय गो," ती म्हणाली. "तू जेवलीस का, इचारत व्हते."